राहीबाईंचा पाय

कोरेगावच्या लालासाहेबांना जन्मभर एकच गोष्ट हवी होती. एकदा तरी आपलं एकट्याचं व्हायोलिन लोकांनी बसून ऐकावं. बाकी ऊस होता, म्हशी होत्या, राहीबाई होत्या.

वडील सुभेदार. पोरगं पलटणीत जाणार म्हणून त्यांनी नवी कोरी ट्रंक आणून ठेवली, तर पोरगं तीच ट्रंक उचलून मिरजेला गुरूच्या दारात जाऊन बसलं. सुभेदारांनी बोलणंच टाकलं. पुढं लालासाहेबांनी उभी हयात साथीत काढली. साथ म्हणजे काय, तर गायकानं घेतलेली तान मागनं तशीच घ्यायची, आणि त्याला खोकल्याची उबळ आली की एकट्यानं किल्ला लढवायचा. वाहवा गायकाची, गार चहा आपला.

राहीबाई पाटणकडच्या. लग्नानंतर पहिल्याच मैफलीत आलाप ऐकता ऐकता त्यांनी शेजारणीला विचारलं, ह्यांचं जुळवून कवा व्हायचं? त्यानंतर त्या मैफलीला फिरकल्या नाहीत. घरात रियाज सुरू झाला की त्या मिक्सर लावायच्या. लालासाहेबांना ते फार लागायचं, पण सांगणार कुणाला?

आणि अखेर सांगलीच्या संगीत महोत्सवाचं बोलावणं आलं. एकट्याच्या वादनाचं! तर नेमका त्याच सुमारास गुडघा गेला. डॉक्टरांनी नवा बसवला आणि बजावलं, मांडी घालायची नाही. आता घ्या! आपल्याकडं व्हायोलिनचं एक टोक छातीशी धरतात आणि खुंट्यांकडचं टोक मांडी घातलेल्या उजव्या पायावर टेकवतात. डावा हात मोकळा राहिला तरच एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड निघते. हनुवटीखाली धरून बघितलं, तर मींडेबरोबर व्हायोलिनच खाली यायला लागलं.

मग खुर्चीपुढं काय काय मांडून झालं. पाट ठेवला, टोक घसरलं. उशी ठेवली, टोक रुतलं. तांदळाचा डबा ठेवला, तर डबाच सुरात वाजायला लागला. अखेर शिष्य शंभूराजनं आपला पाय पुढं केला. पाय झकास होता, पण ताल सुरू झाला की तोही डुलायचा. दुसरा शिष्य आणला, त्याचीही तीच गत. गाणं कळणाऱ्याचा पाय गप्प बसत नाही, त्याला कोण काय करणार?

लालासाहेब विचार करकरून थकले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहिले. "मला गाणं न कळणारा पाय पाहिजे," ते चाचरत म्हणाले.

"मग माझ्यासारखा पाय साऱ्या जिल्ह्यात न्हाई," राहीबाई म्हणाल्या.

चुलतभाऊ नानासोंनी कपाळाला हात लावला, वाद्याला बाईचा पाय लागणार म्हणून. त्यावर, पुरुषाच्या पायाला काय तूप लागलेलं असतं का, असं राहीबाईंनी विचारलं आणि विषय संपवला. नानासोंच्या गळ्यात मैफलीच्या दिवशीची म्हशींची धारही घातली.

सांगलीत दिवाणावर लालासाहेब पाय खाली सोडून बसले. शेजारी ठेवणीतल्या साडीत राहीबाई, उजवा पाय नवऱ्याच्या पुढ्यात लांबवलेला, जोडवी वाजू नयेत म्हणून बोटाला चिकटपट्टी. लोक हसले. लालासाहेब उगाच खुंट्या पिळत राहिले. आज बिघडलं तर पुन्हा कोण बोलावतंय?

मारुबिहागाचा आलाप सुरू झाला. आता राहीबाईंना उठूनही जाता येईना आणि मिक्सरही लावता येईना. पाय त्यांनी दगडासारखा धरला होता. लाकडातला सूर घोट्यातून वर चढत होता, आणि त्यांनी हळूहळू डोळे मिटले. लालासाहेबांना वाटलं, झोपली बहुतेक.

द्रुत गत रंगात आली आणि व्हायोलिनचं टोक थरथरलं. त्यांनी दचकून खाली पाहिलं. चिकटपट्टीशेजारचा अंगठा हलत होता.

"अगं, पाय हलतोय," ते कुजबुजले.

"हलू द्या की," डोळे न उघडता राहीबाई म्हणाल्या. "तुमी थांबू नका."

लालासाहेबांना एवढा आनंद झाला की मात्रांचा हिशेबच सुटला, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांची सम हुकली. राहीबाईंचा अंगठा समेवर बरोबर पडला.