हेतलचे पास

३ डिसेंबर, सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटे. आज भाचीच्या नव्या चेंडूच्या रबराचा वास आला आणि मी त्या सामन्याचे आकडे टिपलेली जुनी वही शोधून काढली.

त्या दिवशी आमच्या कॉलेजचा बास्केटबॉल संघ झोन बचावापुढे अडकला होता. समोरच्या पाच जणी आपापली जागा धरून उभ्या होत्या आणि आमचा चेंडू बाहेरच्या बाहेरच फिरत होता. मी राखीव खेळाडू. बाकावर बसून आकडे टिपत होते. मध्यंतरात मी सरांना आकृती काढून दाखवली: त्यांच्या मधोमध एक जागा रिकामी राहते, तिथून चेंडू वाटायचा. मला वाटले, ते तिथे मलाच उभे करतील.

"गणित तुझं," सर म्हणाले, "पण हात हेतलचे हवेत."

डभोईहून रोज बसने येणारी हेतल तिथे उभी राहिली आणि न बघताच अचूक पास देऊ लागली. धावता धावता तिच्या गुजरातीत ओरडली, "वैशाली, तारुं गणित चाल्युं!" तिचे ते निर्मळ कौतुक मला चटक्यासारखे लागले. आज मान्य करते, माझ्या हातून त्यातले निम्मे पास निसटले असते.

विद्यापीठाच्या संघात जाण्यासाठी सरांनी एका सामन्यात थेट बास्केट घडवणाऱ्या दहा पासांची अट घातली होती, आणि मोजणी माझीच धरली जाणार होती. शेवटची शिट्टी झाली तेव्हा हेतलचे बरोबर दहा भरले होते. प्रयोगशाळेत दशांशाच्या तिसऱ्या स्थळासाठी भांडणारी मी.

तिच्या नावापुढे मी लिहिले: नऊ.