बिसाहूची हजेरी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. बाबा जायच्या आधी दोन दिवस त्यांच्या उशाशी बसून होते, तेव्हाही नाही. त्यांना वेगळं काय सांगणार होते? अर्धी गोष्ट त्यांचीच होती. उरलेली अर्धी माझी, आणि तीच जास्त वाईट. सरळ सांगता येईल का, ठाऊक नाही. अडखळले तर अडखळू द्या.

तेव्हा आम्ही भिलाईत, रुआबांध्याला राहायचो. भिलाई अजून मध्यप्रदेशात होती, घरोघरी नुकतं केबल आलं होतं. बाबा भंडाऱ्याकडचे. शेती भावावर सोडून इकडे आले आणि एका ठेकेदाराच्या यार्डात टाइमकीपर झाले. कोण मजूर आला, कोण नाही, ते मस्टरवर लिहायचं. आला तर पी, नाही आला तर ए. एवढंच काम. बाबा त्यात पक्के होते, कुणाची हजेरी कधी चुकली नाही — असं आई अभिमानानं सांगायची.

मागच्या गल्लीत राजू बिसेन राहायचा. सुपेल्याच्या एका स्टुडिओसाठी तो लग्नांची शूटिंग करायचा. माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा. मी तेव्हा बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला. केबलवर परदेशातली पोरं गाण्याऐवजी तालात बोलत सुटायची, पोलिसांवर, गरिबीवर, सरकारवर, आणि राजू ते पाहून येडा झाला होता. रॅप हा शब्द मी पहिल्यांदा त्याच्याच तोंडून ऐकला. त्याची आई म्हणायची, "पोट्टा भांडून राहिला का गाऊन राहिला, काही समजत नाही बाप्पा."

मला तो आवडायचा. हेही कुणाला सांगितलेलं नव्हतं.

आता ती रविवारची सकाळ. बाबांच्या एका डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं, बारीक अक्षर दिसत नव्हतं. त्यांनी थैलीतून दोन मस्टर काढले, एक भरलेला, एक कोरा. म्हणाले, "तू नावं वाच, मी लिहितो." मी वाचायला बसले. नाव, मग महिन्याचे पी आणि ए. बारा-तेरा नावं झाली. मग आलं — बिसाहू, राहणार उतई. त्याच्यापुढे सगळे पी होते, एका तारखेपर्यंत. पुढे कोरं.

ही तारीख मला माहीत होती. त्या दिवशी यार्डातल्या मचाणावरून एक माणूस पडून मेला होता. बाबा त्या संध्याकाळी जेवले नव्हते.

मी शेवटचा पी वाचला. बाबा म्हणाले, "तिथं ए लिहाचा आहे."

"पण बाबा, तो तर कामावर—"

"पुढचं नाव वाच."

मी पुढचं नाव वाचलं. शेवटपर्यंत वाचलं. जुना मस्टर बाबांनी चुलीत घातला, आणि आईनं त्याच चुलीवर पोळ्या केल्या.

ही ती कबुली का? नाही. ही नुसती पायरी आहे. अजून तिथवर पोचले नाही मी.

चार दिवसांनी मी हे राजूला सांगितलं. का? मन हलकं करायला म्हणू? की त्यानं माझ्याकडे नीट बघावं, माझ्याकडेही काही मोठं आहे असं त्याला वाटावं, म्हणून? दोन्ही असेल. मी त्याला शपथ घातली, माझं नाव घ्यायचं नाही. त्यानं ती घेतली.

त्यातून त्यानं एक गाणं केलं. हिंदीतलं. स्टुडिओचा कॅमेरा मागून आणला आणि व्हिडिओही केला. एका फळीवर खिळे, खिळ्याखिळ्यावर मजुरांची हजेरीची पितळी टोकनं; शेवटच्या खिळ्यावर टोकन नाही, तिथे रिकामा शर्ट लटकलेला. मधूनमधून एक हात दिसायचा, लाल शाईनं ए, ए, ए लिहीत जाणारा, पानभर. आणि राजू कॅमेऱ्याच्या अगदी जवळ येऊन म्हणायचा —

नाम मेरा बोल, बाबू, नाम मेरा बोल,
आया था मैं काम पे, रजिस्टर तो खोल.

तो हात माझा होता. राजूच्या वडिलांचा फुल बाह्यांचा शर्ट घालून मी लिहिलं होतं. मजा आली होती, हेही सांगून टाकते. फार मजा आली होती.

गणपतीत, रविवारी दुपारच्या कार्यक्रमात, मंडपात टीव्ही आणि व्हीसीआर लावून त्यानं ते दाखवलं. पाच मिनिटांचं गाणं, पण संपल्यावर प्रत्येकानं वेगळंच काही पाहिलं होतं. मागे उभी पोरं शिट्ट्या मारून पुन्हा लाव म्हणत होती. त्यांना ठेका आवडला होता. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, बाप्पासमोर मेलेल्या माणसाचे कपडे टांगता, लाज नाही वाटत? एक काका म्हणाले, हे युनियनवाल्यांचं काम आहे. दुसरे म्हणाले, छे, हे अमेरिकेचं आहे. यार्डातले दोघं-तिघं मजूर पंगतीच्या सतरंजीवर बसले होते. एकानं फक्त टोपी काढून हातात धरली होती. त्या लिहिणाऱ्या हातावर कुणीतरी शिवी हासडली. शेजारी बसलेल्या आईनं हळूच माझा हात पदराखाली ओढून घेतला. तिनं ओळखला होता. पुढे आयुष्यभर ती त्याबद्दल एक शब्द बोलली नाही.

बाबा खुर्चीवरून उठले आणि घरी निघून गेले.

राजूनं बिसाहूच्या बायकोला, केजाबाईला, उतईहून बसनं आणलं होतं. सगळ्यांत पुढे बसवलं होतं. गाणं संपलं तशी ती उठली, टीव्हीजवळ गेली, काचेकडे पाहत राहिली. मग राजूला म्हणाली, "एमा ओहर कहाँ हे, बाबू?" यात तो कुठे आहे? राजू तिला खिळा, शर्ट समजावून सांगू लागला. ती मान हलवत होती. तिला शर्ट नको होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठेकेदाराचा सुपरवायझर आमच्या अंगणात आला. मंडळाचे दोघं आले, राजूला बोलावलं, त्याच्यामागे त्याची आई धावत आली. केजाबाईनं दुर्गच्या कोर्टात भरपाईचा दावा लावला होता, आणि ठेकेदाराचं म्हणणं असं की त्या दिवशी बिसाहू कामावरच नव्हता; दारू पिऊन यार्डात शिरला असेल. आता हे गाणं. सुपरवायझरनं राजूला विचारलं, हजेरी बदलली हे तुला कुणी सांगितलं?

राजू गप्प उभा राहिला. त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, मुद्दाम. तुम्हीच सांगा, शपथ आणखी कशी पाळतात?

बाबा खाली मान घालून बसले होते. मी दारात होते. मला कुणी काही विचारलं नव्हतं. हे नीट ऐका — कुणीही विचारलं नव्हतं. मी आपणहून म्हणाले, "मागच्या आठवड्यात अँटेना नीट कराले आला होता हा. बाबांची थैली उघडून पाहून राहिला होता. मीनं पाहिलं."

ही ती गोष्ट.

राजूची आई म्हणाली, "माझा पोट्टा चोर नाही व!" राजूनं तिचा दंड धरला आणि तिला घेऊन गेला. सुपरवायझर बाबांना म्हणाला, चला, बरं झालं, एकदाचं कळलं. बाबांनी वर पाहिलं. मी खोटं बोलले हे त्यांना माहीत होतं. थैली त्यांच्या कुलपाच्या पेटीत असायची. आम्ही दोघं एकमेकांकडे क्षणभर पाहत राहिलो, आणि त्यानंतर आमच्यात कधी काही उघड बोलणं झालं नाही.

स्टुडिओनं राजूला काढलं. लग्नघरात चोर कोण शिरू देईल? कॅसेट मंडळाच्या पोरांनी उकलून टाकली. दोन दिवस ती काळी फीत बाभळीला अडकून फडफडत होती. दुर्गला राजू साक्षीला गेला, तर पहिलाच प्रश्न झाला, तूच ना तो, लोकांच्या थैल्या उघडणारा? नवा मस्टर खरा ठरला. केजाबाई हरली.

सुनावणीच्या आधी राजू एकदा मला कॉलेजच्या रस्त्यावर भेटला. चिडलेला नव्हता. "कावून बोलली तू तसं?" मी चालू लागले. "माझं जाऊ दे. तू येशील का दुर्गले? एकडाव फक्त सांग, मी नावं वाचली होती म्हणून. त्या बाईचं काम होऊन जाईल." मी म्हटलं, पाहते. दुर्गची बस आमच्या नाक्यावरून दर पंधरा मिनिटांनी सुटायची. सुनावणीच्या दिवशी मी घरी बसून गहू निवडले. पुढच्या उन्हाळ्यात राजू नागपूरला गेला. मी त्याला परत पाहिलं नाही.

मला वाटलं होतं, इथे संपलं.

लग्नानंतर मी भिलाईतच, सेक्टर दहाच्या क्वार्टरमध्ये आले. तिसऱ्या की चौथ्या वर्षी शेजारणीनं भांड्याला एक बाई पाठवली. दार उघडलं, तर केजाबाई. तिनं मला ओळखलं नाही. ओळखणार कशी, मंडपात ती टीव्हीकडे पाहत होती. मी तिला नको म्हणू शकले असते. ठेवून घेतलं. दीड वर्ष ती माझ्याकडे येत होती. मी तिला चहा द्यायची, सणाला साडी द्यायची, ती मला पुण्यवान म्हणायची.

एकदा दुपारी भांडी घासता घासता ती आपली कथा सांगू लागली. मचाण, दुर्गच्या खेपा, गाणं करणारा तो पोरगा. "बने लइका रिहिस, फेर चोर निकलगे," म्हणाली. चांगला पोरगा होता, पण चोर निघाला. मी ओट्याशी उभी होते. मग ती हात थांबवून म्हणाली, "ओ दिन ओहर घर म नइ रिहिस, दीदी. मोर हाथ के बासी खाके बूता म गे रिहिस." त्या दिवशी तो घरी नव्हता. माझ्या हातचा शिळा भात खाऊन कामावर गेला होता. इतकी वर्षं झाली तरी तिला ते कुणाला तरी पटवून द्यायचं होतं.

मला पटवायची गरज नव्हती. तो पी मी माझ्या तोंडानं वाचला होता.

"अच्छा?" मी म्हटलं, पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं. आणि कढई तिच्यापुढे सरकवली.