चांगुणाबाईंचा छापील पुरावा

मांडवात बसल्यावर चांगुणाबाई आधी जमिनीला हात लावायच्या, "हिराबाय, तुजा गाना हाय, सांबाल," म्हणायच्या आणि मगच गायला लागायच्या. हिराबाई म्हणजे त्यांची सासू. जासईकडच्या आगरी लग्नांत धवले गाणाऱ्या धवलारणीला भटजीइतका मान, आणि तो त्यांनी मिळवला होता.

मी खांदा कॉलनीतला शाळामास्तर. इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात कुणीही लिहू शकतं हे कळल्यापासून स्वतःला विद्वान समजत होतो. बाईंवर लेख लिहिला तो त्यांच्या गावच्या मंडळाच्या स्मरणिकेवरून. त्यांना भेटण्याचे कष्ट घेतले नाहीत. त्यांची गाणी सासऱ्यांनी रचली, असं स्मरणिकेत होतं. पुरुषांनी काढलेल्या स्मरणिकेत सासूचं नाव कशाला येतंय? मी तेच उतरवलं.

नातीने लेख वाचून दाखवला तशा बाई दोन बस बदलून माझ्या दारात आल्या.

"मास्तर, माजे सासऱ्याला एक गाना येत नव्हता. सगली गानी हिराबायची."

ज्याच्यावर लेख आहे त्याचा शब्द तिथे चालत नाही, छापील पुरावा लागतो, असं मी समजावलं.

"मंग खाली येवरा तरी लिवा, चांगुना नाय म्हन्ते."

तशी सोय नाही म्हणालो. चहाही विचारला नाही.

महिन्याभराने त्या पुन्हा आल्या. छापायचं म्हटल्यावर त्यांना ठाऊक होता तो लग्नपत्रिकांचा छापखाना; तिथून एक पत्रिकाच छापून आणली होती. वर गणपती, खाली सोनेरी अक्षरांत 'माझी सर्व गाणी माझी सासू कै. हिराबाई हिची आहेत.' मी हसलो, बायकोला बोलावून दाखवली आणि पुन्हा हसलो. स्वतः छापून आणलेलं धरत नाहीत, म्हणून पत्रिका परत करू लागलो. त्यांनी ती घेतली नाही.

पुढे त्यांच्या गावातल्या एका लग्नाला मीही होतो. नवरदेवाच्या भावाने मोबाइलवरून माझा लेख माइकवर वाचला. सासऱ्यांच्या नावाला टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. बाईंनी जमिनीला लावलेला हात उचलला आणि न गाता उठून गेल्या. त्यानंतर त्या कुठल्याच मांडवात बसल्या नाहीत.

त्या वारल्या तेव्हा एका पेपरात चार ओळी आल्या, 'सासऱ्यांचा वारसा जपणारी धवलारीण हरपली.' वाक्यं माझ्याच लेखातली होती, वाचताच ओळखली. तरी ते कात्रण मी संदर्भ म्हणून लेखाला जोडलं. लाज वाटते, खरंच वाटते. पत्रिका अजून माझ्या कपाटात आहे. पण नियमाप्रमाणे आता सासऱ्यांच्या बाजूने छापील पुरावे दोन आहेत.