दूध कुणी तापवायचं

खोलीत काय काय लागतं ते मी मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवलं होतं. दरवाजा, खिडकीला जाळी, बल्ब, कपड्यांना दोरी, पाण्याचा माठ, भिंतीत खिळे. सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी तीच यादी मी आळंदच्या बसस्टँडवर, अक्कलकोटच्या गाड्या लागतात तिथं बसलेल्या एका बाईला वाचून दाखवली. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "कडी आतून हाय का भाईरून?"

कडी बाहेरून होती. त्या खोल्या मूळच्या गोदामाच्या. तुरीची पोती आतून कडी लावत नाहीत.

त्याच दुपारी मी सुतार बोलावून आतली कडी बसवून घेतली. पुढं जे झालं त्यात एवढं एकच काम मला पूर्ण झालेलं दिसतं.

मार्केट यार्डाजवळ माझी खानावळ आहे. किती माणसं जेवणार, किती पीठ मळायचं, कोण उद्या गावाला जाणार, हे डोक्यात राहत नाही म्हणून मला लिहून ठेवायची सवय. या सवयीमुळेच मला मंडळात घेतलं. मंडळ म्हणजे काही नोंदणीची संस्था नव्हे. डाळमिलचे मालक, ज्यांना सगळं गाव अप्पा म्हणतं, एक निवृत्त मास्तर, मठाचे दोघं, दर्ग्याच्या कमिटीचे चाचा, एक डॉक्टर, बचत गटाच्या काही बायका, आणि मी. त्या हिवाळ्यात फलाटावर एक म्हातारा थंडीनं गेला होता. त्याचं नाव कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून जाळायचा की पुरायचा हे ठरेना. मठवाले आणि चाचा एकाच वेळी त्याला न्यायला आले आणि दोघंही म्हणाले की आमचा नसला तरी चालेल, आम्ही करतो. तिथंच उभ्या उभ्या ठरलं की गावात कुणी उघड्यावर झोपणार नाही असं काहीतरी करायचं. मला तेव्हा या माणसांचा अभिमान वाटला होता. तो इथं लिहून ठेवते, कारण पुढं तशी संधी मिळणार नाही.

अप्पांनी यार्डामागच्या चार खोल्या देऊ केल्या. डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा यायचं, मास्तरांनी कागदपत्रं बघायची, सुरुवातीचं जेवण माझ्याकडून. भांडण झालं ते क्रमावरून. मास्तरांचं म्हणणं, माणसानं आधी दारू सोडावी, नीट राहायला लागावं, काम धरावं, मग खोली. मी म्हणाले, अंघोळीला न्हाणी लागते आणि न्हाणीला आडोसा. आधी खोली द्या, बाकीचं खोलीत होईल. चाचा माझ्या बाजूनं बोलले आणि माझं म्हणणं मान्य झालं. पहिली खोली कडीचं विचारणाऱ्या त्या बाईला द्यायची यावर मात्र कुणाचं दुमत नव्हतं. ती पीत नव्हती, मागत नव्हती, स्टँडवरच्या हॉटेलात चहाचे ग्लास विसळायची. फोटोला चांगली, असंही कुणीतरी म्हणालं, आणि ते चेष्टेत म्हटलंय असं मी धरून चालले.

सगळे तिला अक्का म्हणत. तिचं माहेर आळंदच्याच पलीकडचं, सासर हद्दीपलीकडं महाराष्ट्रात, उमरग्याच्या बाजूला. नवरा गेल्यावर दिरांनी हळूहळू बाहेर काढलं. आधी स्वयंपाकघरातून, मग ओसरीवरून. माहेरी भाऊ आहे, तूर-ज्वारी पिकवतो, ट्रॅक्टर आहे. तो मास्तरांना म्हणाला, दिलेली लेक हाय, आता तिकडची. विधवेच्या पेन्शनसाठी अर्ज केला तर तिकडचं ऑफिस म्हणालं, बाई कर्नाटकात राहते. इकडचं म्हणालं, कागदावर महाराष्ट्र आहे. मास्तरांनी खरंच फेऱ्या मारल्या, त्यांचं श्रेय काढून घेणार नाही. उमरग्याची गाडी दिवसभर हद्द ओलांडून येत-जात होती, तिला कुणी काही विचारत नव्हतं. अक्कांच्या पेन्शनला विचारत होते.

खोल्यांना नाव द्यायचं ठरलं तेव्हा मास्तरांनीच सुचवलं, 'आपलं घर'. पाटीवर वर कन्नड, खाली मराठी. मी विचारलं, आपलं म्हणजे कुणाचं? मास्तर खुलले. असा प्रश्न त्यांना वर्गातही आवडत असणार.

"आपलं म्हणजे सगळ्यांचं, वैनी. आणि समोरच्याला आदरानं म्हटलं तर त्याचं एकट्याचं. एका शब्दात दोन्ही."

चाचा म्हणाले, "मास्तर, शब्दात सारा गाव बसवला तुम्ही. खोल्या चारच हैत, ध्यानात ठेवा."

सगळे हसले, मीही हसले. पाटी रंगवायला दिली.

आमच्या भागात नव्या घरात शिरलं की आधी चूल पेटवून दूध ठेवतात आणि ते उतू जाऊ देतात. दूध घरच्या बाईनं ठेवायचं. ज्या घरात ते झालं नाही तिथं माणसं राहतात, पण कुणी विचारलं तर भाड्यानं राहतो म्हणतात. उद्घाटनाची तयारी माझ्याकडं होती. 'दूध' असं लिहून त्यापुढं मी 'अक्का' लिहिलं. यात विचार करण्यासारखं काही आहे असं मला वाटलं नाही.

अक्कांना वाटलं होतं. त्यांनी बाजारातून एक लहान जर्मनचं पातेलं घेतलं, राखेनं घासलं आणि माझ्या खानावळीत आणून ठेवलं. "हितंच राहू द्या बाई, फलाटावर कुणीबी उचलतंय." मग पीठ चाळणाऱ्या बाईजवळ बसून बराच वेळ बोलत होत्या. मला एवढंच ऐकू आलं की त्यांच्या हातून दूध कधीच उतू गेलं नव्हतं. लग्न होऊन गेल्या तेव्हा चूल सासूची होती. सासू गेल्यावर जावांची झाली. त्यांचं वय साठीच्या पुढं असेल. त्या मधूनमधून यायच्या आणि पातेलं जागेवर आहे का बघून जायच्या.

उद्घाटनाच्या आधीच्या बैठकीत मी कार्यक्रम वाचला. दुधापाशी मास्तरांनी हात वर केला. फार हळुवारपणे म्हणाले की तुमची-आमची काही अशी समजूत नाही, पण चार लोक येणार, पाहुणे येणार, शुभकार्य आहे, तेव्हा दुधाला सवाष्णीचा हात लागलेला बरा. हेच मास्तर दर बसवजयंतीला, नवरा गेला म्हणून बाई अशुभ होत नाही, यावर भाषण करतात. चांगलं करतात. मी दरवेळी टाळ्या वाजवल्यात. तसं मी त्यांना तिथंच सांगितलं. ते चष्मा पुसत राहिले.

अप्पा म्हणाले, "मग तुमीच ठेवा की, वैनी. तुमीबी सवाष्ण हाव."

"मी कशाला? घर अक्कांचं आहे."

अप्पा चिडले नाहीत. मालाचा भाव सांगतात त्याच आवाजात म्हणाले, "घर घर कामून करायलाव? खोली मंडळाची हाय. तिला ऱ्हायला दिलीय. मंडळाचं दूध मंडळाची बाई तापवंल."

चाचा म्हणाले हा आमचा रिवाज नाही, मी मध्ये पडणार नाही. बचत गटाच्या बायका पदराशी चाळा करत बसल्या. त्यांतल्या दोघी स्वतः नवरा गेलेल्या होत्या. डॉक्टर फोन आला म्हणून बाहेर गेले. मी दूध ठेवणार नाही म्हटल्यावर ते काम अप्पांच्या बायकोकडं गेलं.

त्या दिवशी अक्का माझ्या घरी न्हायल्या. धुतलेलं लुगडं, केस चापून बसवलेले, हातात पातेलं आणि त्यात हॉटेलवाल्यानं दिलेलं दूध. दारात जाऊन कळण्यापेक्षा वाटेत कळलेलं बरं म्हणून मी यार्डाच्या गेटाजवळ सांगून टाकलं, दूध अप्पांच्या बाई ठेवणार आहेत.

"कामून?"

उत्तर त्यांनीच दिलं.

"रंडकी हाय म्हणून. व्हय."

मला वाटलं आता त्या मागं फिरतील. फिरल्या नाहीत. मांडवात माझ्या शेजारी पातेलं पोटाशी धरून उभ्या राहिल्या. आत नवी शेगडी, पितळेचं भांडं, रांगोळी. अप्पांच्या बाई मनानं वाईट नाहीत. घाम पुसत, पदर सावरत त्यांनी अगदी मन लावून दूध ठेवलं. ते उतू गेलं तशा टाळ्या झाल्या. मग त्यांनी अक्कांना हाताला धरून आत नेलं, ओटीत नारळ घालायला गेल्या, थांबल्या, आणि तो हातात दिला. म्हणाल्या, आता सुखानं ऱ्हावा. फोटो निघाला. अक्कांच्या हातात एकीकडं नारळ, एकीकडं पातेलं. कार्यक्रम संपल्यावर पातेल्यातलं दूध त्यांनी मांडवाबाहेर चहा करणाऱ्याच्या टोपात ओतलं आणि रिकामं पातेलं माझ्याकडं परत दिलं.

दोन-चार दिवसांनी मी बघायला गेले. खिळे रिकामे होते, दोरीवर काही नव्हतं. गाठोडं गाठ मारलेलंच, दाराजवळ. मी विचारलं, लुगडी टांगली नाहीत?

"पाव्हण्यानं खिळ्याला कापडं टांगावं का, बाई?"

कडीचं विचारलं. कडी लावतात म्हणाल्या, पण लावून काय करायचं, दिवसातून कुणी ना कुणी हाक मारतं. अप्पांचे व्याही खोली बघून गेले. मास्तरांनी कलबुर्गीहून कुणाकुणाला आणलं. एका संस्थेच्या मुलींनी माठाचं झाकण उघडून फोटो काढला. सगळे चप्पल बाहेर काढत, सगळे 'येऊ का' म्हणत. घर त्यांचं, मग त्यांना नाही कसं म्हणणार?

मी सरळ उपाय सुचवला. मला उपायच सुचतात. पातेलं माझ्याकडंच आहे, आपण दोघी मिळून पुन्हा दूध ठेवू, कुणाला बोलवायचं नाही. अक्कांनी माझ्याकडं पाहिलं, लहान पोराकडं बघतात तसं.

"पैल्यांदा जातंय ते उतू गेलेलं, बाई. दुसऱ्यांदा गेलं तर सांडलं म्हणतेत."

महिनाही झाला नसेल, त्या फलाटावर परतल्या. तिथं मी कुणाची पाव्हणी न्हाई, एवढंच म्हणाल्या. पातेलं घेऊन गेल्या.

बैठकीत मास्तरांनी दुःखानं मान हलवली. यांना घराची सवयच राहत नाही, म्हणाले. डॉक्टर म्हणाले, हे मानसिक असतं. मी म्हणाले सवय दुधाची लागते, ती तुम्ही लागू दिली नाही. आणि त्या निघून गेल्या नाहीत, तुम्ही दिलेलं घर त्यांना मिळालंच नव्हतं. माझं बोलणं झाल्यावर अप्पांनी पुढचा विषय घेतला. इतिवृत्तात 'लाभार्थी स्वेच्छेने निघून गेल्या' असं आलं. ते खोडा म्हणून मी मागं लागले, तर मास्तर म्हणाले, वैनी, स्वेच्छेनंच गेल्या की, कुणी हाकललं?

मग तेच एक कारण सगळ्याला पुरलं. उरलेल्या खोल्यांसाठी अट आली की आधी सहा महिने वागणूक बघायची. वागणूक फलाटावर बघायची. तोवर तुरीचा हंगाम आला, आवक चांगली होती, पोती ठेवायला जागा नव्हती. तात्पुरती म्हणून एक खोली गेली, मग दुसरी. 'आपलं घर' पाटी अजून तिथं आहे. हमाल तिच्याखालून वाकून जातात.

मंडळ मात्र मोडलं नाही. या हिवाळ्यात ब्लँकेट वाटपाचं ठरलं. तुम्ही अजून त्यांच्यात कशा, असं मला घरचेही विचारतात. मी नसले तर ब्लँकेटंही ओळखीच्यांना वाटून संपतील, म्हणून.

संध्याकाळी फलाटावर रांग लावली. मी ब्लँकेट उचलून द्यायचं, अप्पांच्या बाईंनी ते समोरच्याच्या हातात ठेवायचं, फोटोवाल्यानं फोटो काढायचा. अक्का रांगेत होत्या. मी त्यांना बघितलं, त्यांनी मला. फलाटाच्या टोकाला, त्यांच्या गाठोड्यावर ते पातेलं पालथं घातलेलं दिसत होतं. त्यांची पाळी आली. अप्पांच्या बाईंनी ब्लँकेट दिलं आणि फोटो होईपर्यंत काहीतरी बोलायचं म्हणून मायेनं विचारलं, "कोण्या गावच्या, अक्का?"

अक्कांनी ब्लँकेट काखेत मारलं.

"वळखलं न्हाई व्हय? तुमच्याच घरी होते की. यार्डामागं. पाव्हणी."

बाई हसल्या आणि माझ्याकडं वळून हळूच म्हणाल्या, "बिचारी भ्रमलीय वाटतं."

मी सांगितलं की भ्रमलेली नाही, खरं बोलतेय, तिच्या खोलीत दूध तुम्ही ठेवलं होतं. त्यांना आठवेना. कुठलं दूध, असं त्या विचारत असतानाच मागून कुणीतरी ओरडलं, पुढं सरका, गाडी जायलीय. अक्का केव्हाच आपल्या जागी जाऊन बसल्या होत्या. मी पुढचं ब्लँकेट उचलून बाईंच्या हातात दिलं. रांग अजून बरीच होती.