बाबांना मिळालेला षड्ज

असले अनुभव सांगणाऱ्यांना मी आजवर तोंडावर हसत आले आहे. आपल्या या ग्रुपवर कोणी 'मावसभावाला घाटात बाई दिसली' असं लिहिलं, की खाली पहिला खवचट प्रश्न माझाच असायचा. आज मीच लिहायला बसलेय, तेव्हा हसायचं तर खुशाल हसा... मला हे कोणाला तरी सांगायचं आहे.

मी मूळची पुण्याची. ऑकलंडला, पापाटोएटोत राहते. सॉफ्टवेअर टेस्टिंग करते — म्हणजे 'हे असं का झालं' हे शोधण्याचाच पगार घेते. मागच्या वर्षी आई गेली. फोन येताच मिळेल ते तिकीट काढून निघाले, पण मधल्या विमानतळावर पुढची फ्लाइट रद्द झाली आणि मी घरी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. बाबा दारात उभे होते. "उशीर झाला गं," एवढंच म्हणाले. रागाने नव्हे, पण ते अजून माझ्या छातीत रुतून बसलंय.

बाबा शाळेत संगीत शिकवायचे, गणपतीत वगैरे छोट्या मैफिलीही करायचे. मागे तानपुऱ्यावर कायम आई. ती गेल्यावर त्यांनी गाणं बंद केलं ते केलंच. मी त्यांना इकडे घेऊन आले, तर दिवसभर खिडकीपाशी बसून असायचे. विचारलं की 'हं', ताटातलं अर्धं तसंच. डॉक्टर म्हणाली, वजन असंच उतरत राहिलं तर अवघड आहे. बाबांनी एकदा तरी गावं, एवढा एकच ध्यास मी घेतला होता. गायले की ते जेवतात, हे मी लहानपणापासून बघत आलेय.

जवळच्या मनुरेवातल्या एका जुन्या लाकडी चर्चमध्ये आमचा कॉयर, म्हणजे समूहगायनाचा गट, आहे. आम्ही सगळे हौशी. धर्माबिर्माशी माझा संबंध नाही; शनिवारी दुपारी गायचं आणि मग चहाबरोबर कोणीतरी केलेला केक खायचा. बाबांना घरी एकटं ठेववेना, म्हणून त्यांनाही न्यायला लागले. ते कानटोपी घालून शेवटच्या बाकावर बसायचे. पूर्वी ते म्हणायचे, या लोकांच्या गाण्यात सगळे एकदम बोलतात, ऐकत कोणीच नाही. आता तेवढंही बोलत नव्हते.

आम्ही तेव्हा तीनेकशे वर्षांपूर्वीच्या एका जर्मन दरबारी संगीतकाराची प्रार्थना बसवत होतो. हेलन म्हणजे हातांच्या इशाऱ्यांवर आम्हाला गायला लावणारी आमची कंडक्टर, रिटायर्ड टीचर, हिला गोष्टी सांगायचा भारी सोस. तिने सांगितलं, हा माणूस राजाच्या पदरी होता. म्हणजे काय, तर नोकरांचा पोशाख घालून आचाऱ्यांच्या पंगतीला जेवायचं. रविवारी राजाच्या चर्चसाठी नवं काही रचायचं, बाकीचे दिवस राजा जेवत असताना वाजवायचं. एकदा राजाच्या वाढदिवसासाठी परगावी गेला असताना मागे बायको आजारी पडली. रजा मिळाली नाही. परतला तेव्हा तिला पुरूनही झालं होतं. मग त्याने हे रचलं. यात मध्येच सगळे गायक गप्प होतात. ऑर्गन खालचा एकच सूर धरून ठेवतो, बराच वेळ, आणि त्याच्यावर काहीच लिहिलेलं नाही. तिथे काय गायचं, ते त्याचं त्याला माहीत असावं, असं हेलन म्हणाली.

ऐकताना माझे डोळे भरून आले, कारण उशीर मलाही झाला होता. गाडीत मी बाबांना ती गोष्ट मराठीत सांगितली. ते काचेतून बाहेर बघत राहिले.

पुढच्या शनिवारी पाऊस होता. आम्ही त्या जागेपाशी आलो आणि थांबलो. ग्रॅहम, आमचा म्हातारा ऑर्गनवाला, याने तो सूर धरला... आणि मागून बाबांचा आवाज आला.

आपल्याकडच्या कोणालाही यातलं कळेल. खाली षड्ज भरून राहिलाय आणि सगळे गप्प झालेत, याचा बाबांसारख्या गवयाला एकच अर्थ माहीत — आता तुम्ही सुरू करा. त्यांना वाटलं, आपल्यालाच सा दिलाय. आवाज कापत होता, पण सूर चोख लागला. मग सावकाश आलाप. ग्रॅहमने सूर सोडला नाही, हेलनने हात खाली घेतले. मी रडत होते. ते थांबले तेव्हा कोणी टाळ्यासुद्धा वाजवल्या नाहीत.

इथवर सगळं समजण्यासारखं आहे.

चहाच्या वेळी हेलनने विचारलं, बाबांनी बरोबर कुठलं वाद्य आणलं होतं? मी म्हटलं, कसलं वाद्य? ती म्हणाली, तारांचं, चार सूर, पुन्हा पुन्हा तेच. तिने टेबलावर बोटाने तो ठेका वाजवून दाखवला. "द फर्स्ट नोट इज अ टच लेट. एव्हरी टाइम," ती म्हणाली.

तानपुऱ्याची पहिली तार मधल्या बोटाने छेडतात. आईचं ते बोट दारात चेमटलेलं होतं, त्यामुळे तिची पहिली तार दर खेपेला किंचित मागून यायची. हेलन टेबलावर बरोबर तिथेच थांबत होती.

ग्रॅहमलाही ऐकू आलं होतं. वरच्या पट्टीत गाणाऱ्या सोप्रानोतल्या बायकांनाही. त्यांना वाटलं, मी फोनवर काहीतरी लावलं असेल. फोन गाडीत होता. ऑर्गनचे पाइप, हीटर, छपरावरचा पाऊस... मी सगळं तपासलं. एकीने मोबाइलवर रेकॉर्ड केलं होतं, त्यात ऑर्गन आहे, बाबा आहेत, तिसरं काही नाही. आणि हेलनने तर तानपुरा जन्मात पाहिला नव्हता.

त्या दिवशी बाबा पोटभर जेवले. आता रोज सकाळी गातात, वजनही जरा भरलंय. मी खूश असायला हवं.

पण त्या चर्चमध्ये प्रत्येकाला जे ऐकू आलं, ते मला आलं नाही. मला फक्त ऑर्गन आणि बाबा.

त्या दिवशी जेवून हात धुताना बाबांनी विचारलं, "तुला ऐकू आली ना गं?"

मी हो म्हणाले.

"बरं झालं," ते म्हणाले. "तुझीच भेट राहिली होती, म्हणून आली होती. आता नाही यायची."

हे कसं झालं, ते मला आजही माहीत नाही. तुमच्यापैकी कोणाकडे काही स्पष्टीकरण असेल तर असू दे, मला नको. मला एवढंच सांगा... सगळ्यांना ऐकू आली, मग मलाच का नाही?