आधी धुतलेले पाय

तुझ्या आत्याचं सांगते. तिला आम्ही भिंगरी म्हणायचो, आणि ते काही लाडानं नव्हे. एका जागी बूड टेकेल तर शपथ. केस विंचरायचे तर फणी घेऊन मी तिच्या मागं घरभर फिरायची. जेवायला बसली तरी अर्धी उठलेलीच. तुझे आजोबा म्हणायचे, हिला नवरा बघू तेव्हा आधी त्याला पळायला लावून बघू. आता ती एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात नर्स आहे, तिथं सगळेच पळत असतात, म्हणून कुणाच्या डोळ्यावर येत नाही इतकंच.

मी तेव्हा चर्चच्या सिस्टर लोकांच्या वृद्धाश्रमात कामाला होते. एका बाजूला त्यांची पोरींची शाळा, दुसऱ्या बाजूला आश्रम, मधे भिंत आणि भिंतीत एक लोखंडी फाटक. म्हाताऱ्या माणसांना अंघोळ घालायची, चादरी बदलायच्या, भरवायचं, हे माझं काम. मी तिथली म्हणून भिंगरीला शाळेत घेतलं होतं.

शाळेत पोरींचा एक सेवागट होता. शनिवारी शाळा सुटली की आधी प्रार्थनेच्या खोलीत डोळे मिटून गप्प बसायचं. मग फाटकातून आश्रमात यायचं, कुणाला पेपर वाचून दाखवायचा, कुणाची नखं कापायची, कुणाशी पत्ते खेळायचे. आणि सगळ्यात शेवटी गोल करून बसायचं आणि आज मनात काय आलं ते एकेकीनं खरं खरं सांगायचं. बाकीच्या पोरींना नखं कापणं जड जायचं. हिला जड जायचं ते डोळे मिटून बसणं. गट सांभाळणाऱ्या सिस्टर गणित शिकवायच्या, स्वभावानं मोकळ्या. त्या एकदा हिला म्हणाल्या, देवाला ऐकू येतं हं, पाय आपटून सांगायला नको.

तरी गट काही सोडेना, कारण सुईणबाई. त्या आश्रमात राहायच्या. अर्ध्या गावाला त्यांनी जन्माला घातलं होतं आणि स्वतःचं म्हणावं असं कुणी नव्हतं. जीभ कात्रीसारखी. भिंगरीला त्या नुसत्या पळवायच्या. खिडकी उघड, लाव, पाणी आण, हे कोमट आहे, ओतून दुसरं आण. मी रागवायला लागले तर मलाच म्हणायच्या, बसवू नकोस गं तिला, बसवलीस तर गंजेल. सख्ख्या आईला न सांगितलेलं हिनं त्यांना सांगितलेलं असायचं. मला जरा लागायचं ते, पण असो.

आता वर्षातून एकदा या पोरी म्हाताऱ्या माणसांचे पाय धुवायच्या. येशूनं आपल्या शिष्यांचे पाय धुतले होते ना, त्याची आठवण म्हणून. मोठ्या खोलीत खुर्च्या मांडायच्या, घमेली, नवे टॉवेल, फादर यायचे, पोरींचे आईबाप यायचे. आणि त्या दिवशी सकाळी माझी कंबर मोडायची. कारण पोरी पाय धुवायच्या आधी सगळ्यांचे पाय मी धुवायची. गरम पाणी, साबण, टाचा दगडानं घासायच्या, नखांतली घाण काढायची. हे दरवर्षीचंच. बँडमध्ये वाजवणारे एक बाबा होते, ते ओरडायचे, माझं आधी कर गं, आज माझ्या पायांचं लग्न आहे.

त्या वर्षी पहिले पाय धुवायचा मान भिंगरीला. मग काय, हिला सकाळपासून दम धरवेना. सगळ्या पोरी शाळेत रांग लावतायत आणि ही वेळेच्या आधीच फाटकातून आत. बघते तर मी खाली बसलेली, सुईणबाईंची टाच माझ्या मांडीवर, आणि बादलीतलं पाणी काळं.

"हे काय करतेस?"

म्हटलं, पाय धुते.

"मग आम्ही काय धुणार?"

सुईणबाई हसल्या, म्हणाल्या, तू वरवरचं धू. मीही म्हटलं, सरक, अजून बरेच राहिलेत. माझं डोकं कामात. पोरीच्या चेहऱ्याकडं बघायला मला सवड कुठली?

कार्यक्रम झाला. हिनं पाय धुतले, पण दात आवळून. मग पोरी तिथंच गोल करून बसल्या. म्हातारी माणसं मागं खुर्च्यांवर, पाय टॉवेलात गुंडाळलेले. एक पोरगी म्हणाली, देवाचे पाय धुतल्यासारखं वाटलं. दुसरीला तर रडूच आलं. आईबापांच्या माना डोलत होत्या. मग हिची पाळी आली. ताडकन उठली.

"मला काहीच वाटलं नाही. पाय आधीच धुतलेले होते. सकाळी माझ्या आईनं घासले सगळ्यांचे, पाणी काळं झालं होतं. आम्हाला किळस येऊ नये म्हणून. आम्ही नुसतं नाटक केलं."

मी दाराशी उभी, धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बँडवाल्या बाबांनी हळूच पाय खुर्चीखाली ओढले. मग त्यांच्या शेजारणीनं. मग एकेक करत सगळ्यांनीच. सुईणबाईंना वाकता यायचं नाही. त्यांनी अंगठ्यानं चाचपत चपला शोधल्या, पाय सरकवले, काठी घेतली आणि कुणाकडं न बघता निघून गेल्या.

घरी आल्यावर ही खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत. "मी खोटं बोलले का?" नाही, म्हटलं. "मग?" मग काय मग! मी विचारलं, तुला कुणी सांगितलं की ते तुमच्यासाठी होतं? मला ना सिस्टरनी सांगितलं होतं, ना कुणी. ती माणसंच हाका मारतात मला. बाई, लेकरं यायची आहेत, या टाचा अशा दाखवू का त्यांना? आपल्याकडं पाहुणे येणार म्हटलं की आपण केर काढतो की नाही? त्यांच्याकडं आवरायला आता घर कुठाय? हे एवढं अंगच राहिलंय.

तिच्या फेऱ्या मात्र थांबल्या नाहीत.

सिस्टरनी तिला गटातून काढलं नाही. एवढंच म्हणाल्या, खरं सांग असं मीच शिकवलं, कुणाचं सांगायचं ते शिकवायचं राहिलं. पण सुईणबाईंकडं जायचं की नाही ते त्या ठरवतील. आणि सुईणबाईंनी भिंतीकडं तोंड केलं. दुसरी एक गरीब पोरगी त्यांच्याकडं पाठवली, ती बिचारी सांगितलं तिथं बसायची, तर तिच्यावरही चिडायच्या. ही रोज शाळा सुटली की दारात उभी. आजी, खिडकी उघडू? पाणी आणू? त्यांचं तोंड भिंतीकडंच. घरी आली की भांडी आपटायची, अन्नावरून उठायची, गणितात नापास झाली. मला वाटायचं जावं आणि म्हातारीला चांगलं सुनवावं. दोनदा गेलेसुद्धा. त्यांच्या पाठीकडं बघितलं आणि चादर बदलून परत आले.

एकदा मात्र बोलल्या. मी तिथंच होते, उशीचा अभ्रा घालत.

"आजी, चुकलं माझं," ही म्हणाली.

"चुकलं कुठं? खरंच होतं ते. म्हणून तर." भिंतीकडं तोंड तसंच. "जन्मभर मी लोकांच्या बायका उघड्या बघितल्या. कोण कशी ओरडली, कुणाचं काय झालं, एकीचंही बाहेर बोलले नाही. आणि तू माझी टाच गावापुढं मांडलीस."

ही दाराला धरून उभी राहिली. पाय हलत होते, पण दार सोडलं नाही. हिच्यासाठी ते पुष्कळ होतं.

असं करत वर्ष उलटलं. पुन्हा पाय धुवायचा दिवस आला. हिनं सिस्टरना सांगितलं, मला नको. त्या म्हणाल्या, धुऊ नकोस, टॉवेल धर. आणि नेमकी त्याच सकाळी माझी कंबर धरली. वाकता येईना. बादली भरलेली, वाफ निघतेय, आणि मी व्हरांड्यात स्टुलावर खांबासारखी. आतून हाका चालू. बाई, आलीस का गं? बँडवाले बाबा म्हणतायत, अगं मुहूर्त टळतोय. सुईणबाई तेवढ्या हाक मारत नव्हत्या. पलंगावर पाय खाली सोडून बसल्या होत्या. पाय सुजलेले, टाचांना भेगा, त्या वर्षी जरा वासही यायचा. फाटकाकडं कान. पोरी येतील, आणि पाय हे असे.

पोरींच्या आधी आली ती हीच. नेहमीसारखी, दम निघेना म्हणून. माझ्याकडं बघितलं, बादलीकडं बघितलं, मग त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. सुईणबाई तिच्याकडं बघत राहिल्या, किती तरी वेळ. मलाच बसवेना, पण उठताही येईना.

"दार लाव," त्या म्हणाल्या.

ही वळली. आता बाहेर येणार आणि माझ्या गळ्यात पडून रडणार, असं मला वाटलं.

"आतून, मूर्खे. बादली घे."

दार लागलं. मग मला नुसतं पाणी ऐकू येत होतं. बोलत होत्या का, ते देव जाणे. बाहेर आली तेव्हा हिच्या बाह्या भिजलेल्या, बादली झाकलेली. पाणी ओतलं, दुसरं घेतलं, बँडवाल्या बाबांच्या खोलीत गेली, दार लावलं. मग पुढची खोली. फाटक वाजलं तेव्हा शेवटचं दार नुकतं उघडलं होतं.

कार्यक्रम झाला. सुईणबाईंचे पाय त्या गरीब पोरीनं धुतले, फादर म्हणाले, किती मायेनं धुतले. ही मागं टॉवेल धरून, या पायावरून त्या पायावर. मग गोल झाला. एकेकीनं सांगितलं. हिची पाळी आली तशी सिस्टरनी मान वर केली. बँडवाल्या बाबांचे पाय खुर्चीखाली जायला लागले. मी कंबर धरून दाराशी उभी.

ही उठली. एकदा खाली बघितलं.

"पाणी जरा गार होतं," म्हणाली. "पुढच्या वेळी गरम आणायला पाहिजे." आणि बसली.

मागून सुईणबाईंचा आवाज आला, "हो ना. बोटं आखडली माझी. जा, चहा सांग सगळ्यांना, बसतेस काय?"