तिसऱ्या गिअरचा धक्का: गुडगाव ते काला अंब

संक्रांतीला काला अंबला जायचं हे आमच्याकडे ठरवावं लागत नाही. पानिपतच्या त्या मैदानावर थेट महाराष्ट्रातून माणसं येतात, आणि आपण इतक्या जवळ राहून घरी बसायचं म्हणजे काय, असं बाबांचं म्हणणं. यंदा प्रश्न एवढाच होता, की गाडी कोण चालवणार.

आमची गाडी म्हणजे पिकअप. पुढे दोन रांगांत माणसं, मागे उघडा हौदा. बाबांनी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर ती घेतली तेव्हा नातेवाइकांनी मनसोक्त हसून घेतलं. आता सोसायटीच्या बागेचं खत, मंडळाचा गणपती, कुणाकुणाचं घरसामान सगळं त्याच हौद्यातून जातं आणि कुणी हसत नाही. डाव्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बाबांना क्लच दाबणं जमत नाही, म्हणून गाडी ऑटोमॅटिक. थोडक्यात, ही गाडी आहे तोवर बाबांचं ड्रायव्हिंग आहे.

दिवाळीच्या आसपास ती धक्के द्यायला लागली. दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये जाताना इंजिन नुसतंच ओरडायचं, गाडी पुढे सरकायची नाही, आणि मग मागून कुणी लाथ घातल्यासारखा दणका. सर्व्हिस सेंटरमधल्या माणसाने सकाळी एक छोटी चक्कर मारली तर बाईसाहेब अगदी गुणी मुलीसारख्या चालल्या. "गाड़ी तो मक्खन है. अंकल का पैर भारी पड़ता होगा," असं म्हणून तो मोकळा झाला. आईला तेवढंच हवं होतं. त्या दिवसापासून ती मागच्या सीटवर बसायला लागली, वरचं हँडल घट्ट धरून.

मी त्या काळात कामानिमित्त चेन्नईला होते, त्यामुळे हे सगळं फोनवर ऐकलं. आधी बाबा तावातावाने भांडायचे, मग हळूहळू भांडेनासे झाले. मी परत आले तोवर सोनीपतचं एक गिऱ्हाईक रविवारी गाडी बघायला येणार हेही ठरून गेलं होतं.

"काला अंबला शेवटचं जाऊन येऊ, मग देऊन टाकू," बाबा म्हणाले आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. "तू चालव. माझा पाय खरंच भारी पडत असेल."

मला फार वाईट वाटलं. माझे बाबा असं बोलत नाहीत.

जानेवारीत या रस्त्याला लागणार असाल तर धुकं ओसरल्याशिवाय निघू नका, घाई करून काही मिळत नाही. आम्ही ऊन दिसल्यावर निघालो. मानेसरच्या पुढे केएमपी एक्स्प्रेसवे धरला की दिल्लीचा गोंधळ टळतो आणि थेट कुंडलीला निघता येतं. टोल आहे, ट्रक पुष्कळ आहेत, पण रस्ता सरळ आहे. वाटेत खाण्याची सोय बेताचीच, म्हणून डब्यात थेपले होते (आमच्या गुजराती शेजारणीची कृपा) आणि हौद्यात तिळगुळाच्या वड्यांचे डबे, ताडपत्रीत गुंडाळून.

पहिला तासभर गाडी लोण्यासारखी. बाबा खिडकीबाहेर मोहरीची शेतं बघत होते. मागून आई म्हणाली, "बघितलंत? हिच्या पायाखाली कशी नीट चालतेय!"

कुंडलीच्या टोलवरून निघाले, वेग घेतला आणि इंजिन ओरडलं. काटा वर, गाडी जागच्या जागी, मग दणका! आईच्या मांडीवरचा थेपल्यांचा डबा खाली.

"बाबा!" मी ओरडले. "माझ्याही पायाखाली झालं!"

बाबा माझ्याकडे बघतच राहिले. "परत कर," ते म्हणाले. मी वेग कमी करून पुन्हा घेतला, पुन्हा दणका. गाडीत धक्के बसताहेत आणि माणूस खुशीत हसतोय, हे दृश्य मी पहिल्यांदा पाहिलं. थोड्याच वेळात गाडीने हट्टच धरला. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि ती तिसऱ्या गिअरमध्ये अडकली. काहीतरी बिघडलंय असं वाटलं की ऑटोमॅटिक गिअरबॉक्स स्वतःला वाचवायला असा एकच गिअर धरून बसतो. मुरथलपर्यंत आम्ही ट्रकांच्या मागून रांगत गेलो.

मुरथलला ढाबे इतके, की निवडायला वेळ लागतो. ज्याच्या पार्किंगला सपाट, स्वच्छ फरशी होती तो मी निवडला, कारण मला गाडीखाली वाकायचं होतं. पराठे आले, पांढऱ्या लोण्याचा गोळा आला. मी दोन घास खाऊन उठले.

मी कारखान्यात गाड्यांच्या वायरिंगची तपासणी करते. गिअरबॉक्सच्या पोटातलं मला फारसं कळत नाही, पण त्याच्याकडे जाणाऱ्या वायरी कळतात. आधी खाली वाकून पाहिलं, ऑइल कुठेच गळत नव्हतं. मग स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये छोटा स्कॅनर लावून तो फोनला जोडला. तक्रार आली ती एका सेन्सरची. इंजिनाकडून गिअरबॉक्समध्ये फिरत शिरणारा दांडा किती वेगाने फिरतोय, हे तो सेन्सर सांगतो. तो आकडा मध्येच गायब झाला की गिअर बदलायचा अंदाज चुकतो, आणि दणका बसतो.

गिअर ‘पार्क’वर, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू. या अवस्थेतही तो दांडा फिरतच असतो, त्यामुळे फोनवर आकडा दिसायला हवा. फोन बाबांकडे दिला आणि मी बॉनेट उघडून, पंख्यापासून हात लांब ठेवत, वायरी एकेक हलवायला लागले.

"आहे... आहे... आहे..." बाबा क्रिकेटची कॉमेंट्री करावी तसे सांगत होते. इंजिनाच्या मागच्या बाजूला वायरी गिअरबॉक्सकडे उतरतात, तिथला प्लग मी हलवला.

"शून्य!" बाबा इतक्या जोरात ओरडले की पार्किंगच्या कडेच्या टेबलावरचे सरदारजी उठून उभे राहिले. "गेला! आला! परत शून्य!"

इंजिन बंद केलं, ते जरा निवू दिलं आणि प्लग उपसला. आत हिरवट पांढरा थर आणि मेलेल्या मुंग्या, चिकटून बसलेल्या. इंजिन तापलं की तिथला सैल झालेला जोड सुटत असणार. सकाळच्या थंडीत तो धरून राहायचा, म्हणून सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी मक्खन.

"मुंग्या? इथे गोड काय आहे?" बाबा म्हणाले.

आई लस्सीचा ग्लास हातात घेऊन जवळ आली होती. तिने आत वाकून पाहिलं आणि ग्लास खाली ठेवला.

"दसऱ्याला..." ती म्हणाली.

दसऱ्याला गाडीची पूजा आईच करते. हार, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू, नारळ. यंदा बॉनेट उघडं होतं. "गाडीला सगळं करतो आणि खरं काम करणाऱ्या इंजिनाला काहीच नाही, बरं दिसत नाही ना. म्हणून नारळाचं पाणी थोडं आत..."

"थोडं?" मी विचारलं.

"अख्ख्या नारळाचं," आई म्हणाली.

 बाबांनी आईकडे पाहिलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मग मीही सुटले. आई आधी रागावली, मग तिला हसू आवरेना, आणि हसताहसता तिचे डोळे भरले. "मी उगाच तुमच्या पायाला बोल लावला हो," ती म्हणाली. बाबांनी लस्सीचा ग्लास उचलून तिच्या हातात दिला.

बडीशेपेबरोबर ठेवलेल्या दात कोरायच्या काड्या, माझ्या पिशवीतला क्लीनरचा स्प्रे आणि बराचसा धीर, एवढ्यावर प्लग साफ झाला. वाळवला, खट्कन बसेपर्यंत दाबला, स्कॅनरवरून तक्रार पुसली. पुन्हा हलवून पाहिलं, आकडा जागचा हलला नाही. (घरी आल्यावर प्लग नवा बसवला. दात कोरायच्या काडीवर कायमचा भरवसा ठेवू नका.) मी किल्ली बाबांपुढे धरली.

ते निघाले. पहिला, दुसरा... आम्ही तिघांनी श्वास रोखला. तिसरा कधी पडला ते कळलंच नाही.

काला अंबला गर्दी होती, भगवे फेटे होते, बोचरा वारा होता. स्मारकाच्या त्या स्तंभाजवळ गेलं की बोलणारी माणसंही आपोआप हळू बोलतात. दुपारच्या आत पोचलात तर निवांत उभं राहता येतं, आम्हाला दुपार झाली होती. लातूरकडची, दिल्लीत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं भेटली, त्यांनी तिळगुळाचे डबे झपाट्याने रिकामे केले.

"काका, ही गाडी तुमची? चालवायला भारी वाटत असेल ना?" त्यांतल्या एकीने विचारलं.

"वाटतं," बाबा म्हणाले. "बिल्कुल वाटतं."

आई जरा बाजूला जाऊन फोनवर बोलत होती. "नहीं भैया, रविवार को मत आइए. गाड़ी नहीं बेचनी. नहीं, गाड़ी में कोई ख़राबी नहीं है!"

परतताना बाबाच चालवत होते. आई मागचं दार उघडायला गेली, थांबली, आणि पुढे जाऊन बाबांच्या शेजारी बसली. मी मागे. हँडल धरायला आता कुणी नव्हतं. केएमपीला लागेपर्यंत आईची मान कलली होती. टोल आला, वेग कमी झाला, पुन्हा वाढला, आईला काही पत्ता नाही.

सोसायटीच्या गेटशी आलो तेव्हा दिवे लागत होते. गार्डने दांडा वर केला. बाबांनी शेजारी पाहिलं, गार्डला हात केला आणि गाडी सरळ पुढे घेतली.

"बाबा, घर मागे राहिलं."

"माहितीये," ते हळूच म्हणाले. "झोपू दे तिला. एक चक्कर मारू."